वाचन कसं शिकवायचं, हे शिक्षकांनी कुठे शिकायचं?

डीएड-बीएडला मराठीची अध्यापनपद्धती असते, पाठ टाचणं काढावी लागतात. पण मूल अक्षर ओळखण्यापासून अर्थ लावण्यापर्यंत कसं पोचतं, कुठे अडतं आणि का अडतं, याचा स्वतंत्र अभ्यास असतो हे आपल्याकडे फार उशिरा मान्य झालं. वाचायला तर कुणीही शिकवू शकतं, असाच समज होता.

काम मात्र आधीपासून चाललेलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसोबत केलेलं काम आपल्याला माहीत आहे. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन यांच्याविषयी तेवढं बोललं जात नाही. भाषाशास्त्राच्या संशोधनासाठी त्या अमेरिकेतून आल्या आणि इथल्याच झाल्या. प्रगत शिक्षण संस्थेत त्यांनी वाचन-लेखनाची जी पद्धत बांधली, तिने आधी सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द हा क्रम मोडला. थोडी अक्षरं, त्यांच्या जोडीला एक-दोन स्वरचिन्हं, आणि लगेच अर्थपूर्ण शब्द. यामागे विचार आहे. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते, पण तिचा उच्चार नंतर होतो. बाराखडी तालात म्हणणारं मूल ‘किसन’ वाचताना अडतं ते अशा जागी, आणि ही जागा शिक्षकाला दिसायला हवी.

२००५पासून ‘असर’चे, म्हणजे ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने घरोघरी जाऊन मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या पाहणीचे, अहवाल येऊ लागले आणि प्रश्न सगळ्यांसमोर आला. २०१८च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी जेमतेम निम्मी दुसरीचा उतारा वाचू शकत होती.

ज्यांना या अभ्यासाची सर्वांत जास्त गरज, ते जिल्हा परिषदेचे शिक्षक. दोन वर्षं बिनपगारी रजा काढून मुंबईत एमए करणं त्यांना कसं जमणार? बीएडपुरती वाट नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने १९८९नंतर काढली होती: नोकरी सांभाळून अभ्यास, सुट्टीत संपर्क सत्रं. पदव्युत्तर पातळीवर महत्त्वाचं पाऊल २००६ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने टाकलं. प्राथमिक शिक्षणातलं तिथलं एमए काही काळ प्रत्यक्ष वर्गात आणि बाकी दुरून, अशा दुहेरी पद्धतीचं होतं. दिगंतर, एकलव्य, विद्या भवन यांसारख्या प्रत्यक्ष शाळांत काम करणाऱ्या संस्था त्यात सोबत होत्या.

पुढे साक्षरतेच्या संशोधक शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखाली कर्नाटकातल्या यादगीर आणि आपल्याकडच्या वाडा तालुक्यातल्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. वाड्यात नीलेश निमकर यांची ‘क्वेस्ट’ ही शिक्षणात काम करणारी संस्था या कामात होती. वर्गातला वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात आणि अक्षरं घोकण्यात जातो, अर्थाविषयी बोलणं जवळजवळ होत नाही, हे त्यातून पुराव्यासह समोर आलं. टाटा संस्थेच्या हैदराबाद केंद्रात प्रारंभिक साक्षरतेचा उपक्रम उभा राहिला, प्रमाणपत्र अभ्यासक्रमही आला. बर्नसन तिथे मानद प्राध्यापक होत्या. फलटणच्या वर्गांतला अनुभव अशा रीतीने विद्यापीठापर्यंत पोचला, याचं मला मोल वाटतं.

दुरून शिकण्याचा एक फायदा इथे ठळक दिसतो. स्वाध्यायासाठी लागणारी मुलं शिक्षकाच्या समोरच बसलेली असतात. एका मुलाचं वाचन फोनवर ध्वनिमुद्रित करायचं, तो कुठे थांबला, कुठे अंदाजाने पुढे गेला याची नोंद करायची, त्याच्या घरची बोली वारली की कातकरी हे लक्षात घ्यायचं. पूर्णवेळ विद्यार्थ्याला हे सरावपाठापुरतंच मिळतं.

२०२१मध्ये लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं आणि ‘दीक्षा’ या सरकारी ऑनलाइन मंचावरच्या ‘निष्ठा’ या शिक्षक प्रशिक्षणातून पायाभूत साक्षरता असंख्य शिक्षकांपर्यंत गेली. ते आवश्यक होतं. पण चित्रफीत पाहून, प्रश्नमंजूषा सोडवून प्रमाणपत्र उतरवून घेणं म्हणजे पदव्युत्तर अभ्यास नव्हे. अभ्यासाला वाचन लागतं, वाद लागतो, लेखनावर कुणीतरी सविस्तर अभिप्राय द्यावा लागतो. मराठीतून वाचायला या पातळीचं साहित्य आजही अपुरं आहे.

अमेरिकेत वाचनतज्ज्ञ हे शाळेतलं पद आहे, त्यासाठी राज्यं वेगळा परवाना देतात. म्हणून तिथे या विषयातल्या ऑनलाइन एमएला भरपूर शिक्षक मिळतात. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत असं पदच नाही. हा अभ्यास करून आलेली शिक्षिका पुन्हा त्याच वर्गावर जाते आणि शेजारच्या शाळांना तिचा उपयोग होत नाही. निदान केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मुलांच्या वाचनाचे नमुने घेऊन बोलण्याचं काम अधिकृतपणे तिच्याकडे द्यायला हवं, आणि त्यासाठी तिचे तास कमी करायला हवेत.