‘एफडीए नोंदणीकृत’ म्हणजे एफडीएची मान्यता नव्हे

ऑक्सिमीटरच्या खोक्यावर ‘एफडीए नोंदणीकृत’ दिसलं की एफडीएनं, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेनं, ते तपासून पास केलं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. नोंदणी म्हणजे कंपनीनं नाव-पत्ता आणि उपकरणांची यादी कळवून वार्षिक शुल्क भरणं, एवढंच. उपकरण नीट चालतं का, हे त्यात कोणी पाहत नाही. एफडीए नोंदणीचं प्रमाणपत्रही देत नाही. त्यामुळे जाहिरातीत असं शिक्क्याचं ‘प्रमाणपत्र’ झळकत असेल तर अधिकच सावध राहा. पेसमेकरसारख्या जास्त जोखमीच्या उपकरणांना पुरावे तपासून मान्यता मिळते. मध्यम जोखमीच्या बहुतेकांना ५१०(के) नावाच्या मार्गानं परवानगी मिळते. तिथे आधीपासून बाजारात कायदेशीरपणे असलेल्या उपकरणाशी बरोबरी दाखवावी लागते. या दोन्हींच्या नोंदी एफडीएच्या संकेतस्थळावर कुणालाही शोधता येतात.