यूएसबी-सीमधून बाहेरचे कार्ड: या जोडणीमागचा इतिहास

महापे, रबाळे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील लहान कारखान्यांत मोजमापाची आणि कॅमेऱ्याची चित्रे टिपणारी कार्डे अजूनही डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर बसवलेली आढळतात. अशा ठिकाणी डेस्कटॉपऐवजी लॅपटॉप घ्यायचे ठरले की कार्डाचे काय, हा प्रश्न येतोच, आणि लॅपटॉपला यूएसबी-सी आहे, तेव्हा कार्ड बाहेरच्या डब्यात बसवून जोडता येईल, असे उत्तर सर्रास दिले जाते. काही लॅपटॉपच्या बाबतीत ते खरे आहे, काहींच्या बाबतीत मुळीच नाही. दिसायला एकसारखे असलेले दोन पोर्ट असे वेगळे का वागतात, याचे उत्तर गेल्या साडेतीन दशकांच्या इतिहासात आहे.

लॅपटॉपला कार्ड जोडण्याची सोय सर्वमान्य व्हावी म्हणून १९८९ मध्ये पीसीएमसीआयए ही संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचे पहिले मानक आले. सुरुवातीची कार्डे १६ बिटांची होती. १९९५ च्या कार्डबसने ३२ बिट आणि ३३ मेगाहर्ट्झची, म्हणजे जवळजवळ डेस्कटॉपमधल्या पीसीआय बससारखीच (मदरबोर्डवरची कार्डे ज्या वाटेने जोडली जात, तिच्यासारखीच) वाट लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत आणली. २००३ मध्ये आलेल्या एक्स्प्रेसकार्डच्या खाचेत मात्र दोन वेगळ्या वाटा शेजारी शेजारी होत्या: सेकंदाला २.५ गिगाबिटची पीसीआय एक्स्प्रेसची (पीसीआयची जागा घेणाऱ्या नव्या जोडणीची) एक लेन, म्हणजे एक मार्गिका, आणि यूएसबी २.०. कार्ड यांपैकी कोणती वाट वापरते, हे बाहेरून पाहून कळत नसे. आजच्या गोंधळाचे मूळ मला इथेच दिसते.

या दोन वाटांमधला फरक केवळ वेगाचा नाही. यूएसबीवरचे उपकरण स्वतःहून संगणकाच्या मेमरीला हात लावू शकत नाही. देवाणघेवाण कधी आणि किती करायची, हे लॅपटॉपमधला कंट्रोलर ठरवतो. पीसीआय एक्स्प्रेसवरचे कार्ड मात्र थेट मेमरीत वाचू आणि लिहू शकते, आणि त्याचा ड्रायव्हरही तसेच गृहीत धरून लिहिलेला असतो. म्हणून ग्राफिक्स कार्ड किंवा मोजमापाचे कार्ड साध्या यूएसबी अडॅप्टरने चालवता येत नाही. पीसीआय एक्स्प्रेसची वाटच लॅपटॉपबाहेर यावी लागते. त्यातही कार्ड जुन्या समांतर पीसीआय पद्धतीचे असेल, तर मध्ये रूपांतर करणारी ब्रिज चिप लागते, कारण ते आजच्या डब्यातील स्लॉटमध्ये बसतच नाही.

ही वाट बाहेर काढण्यासाठी हौशी मंडळींनी लॅपटॉपचे वायफाय कार्ड काढून त्याच्या मिनी पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमधून वायर बाहेर आणल्या, आणि झाकण उघडे ठेवून ग्राफिक्स कार्डे चालवली. बाजारात सहज मिळणारी सोय २०११ मध्ये आली. इंटेलने ॲपलच्या सहकार्याने आणलेल्या थंडरबोल्ट या जोडणीने पीसीआय एक्स्प्रेस आणि डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरला चित्र पुरवणारी जोडणी) एकाच केबलमधून नेले, परंतु त्याचे पोर्ट मिनी डिस्प्लेपोर्टच्या आकाराचे होते. २०१४ मध्ये २४ पिनांचे यूएसबी-सी जाहीर झाले आणि २०१५ मध्ये थंडरबोल्ट ३ ने तोच आकार स्वीकारला. केबलचा वेग सेकंदाला ४० गिगाबिट असला तरी पीसीआय एक्स्प्रेसची कमाल मर्यादा ३२ गिगाबिट होती, आणि डेटासाठी प्रत्यक्षात सुमारे २२ गिगाबिटच मिळत. बाहेरच्या ग्राफिक्स कार्डाचे चित्र त्याच केबलने परत लॅपटॉपच्या पडद्यावर आणले, तर त्यातलाही काही हिस्सा खर्ची पडतो. म्हणून मॉनिटर थेट कार्डालाच जोडणे श्रेयस्कर.

मेमरीपर्यंत थेट पोहोचण्याच्या याच सोयीमुळे सुरक्षेचा प्रश्नही उभा राहिला. २०१९ मधील थंडरक्लॅप आणि २०२० मधील थंडरस्पाय या संशोधनांनी अशा पोर्टमधून होऊ शकणारे हल्ले दाखवून दिले. विंडोजमध्ये २०१८ पासून यावर संरक्षणाची सोय आहे, परंतु लॅपटॉपच्या हार्डवेअरची आणि फर्मवेअरची (त्यात आधीच भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरची) साथ असेल तरच ती लागू होते. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर बाहेरचे कार्ड दिसत नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, ही वाट मुद्दाम बंद केलेली असण्याची शक्यता आधी तपासावी.

२०१९ चे यूएसबी४ हे यूएसबीचे नवे मानक इंटेलने खुल्या केलेल्या थंडरबोल्टच्या प्रोटोकॉलवरच उभे आहे. मात्र त्यात लॅपटॉपने पीसीआय एक्स्प्रेस पुरवणे ऐच्छिक ठेवले गेले, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ही सवलत द्यायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे. २०२० च्या थंडरबोल्ट ४ मध्ये ३२ गिगाबिट पीसीआय एक्स्प्रेस बंधनकारक झाले, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ मध्ये ही मर्यादा ६४ गिगाबिटपर्यंत गेली. पोर्टशेजारी छापलेला ४० हा आकडा केवळ वेग सांगतो. विजेच्या बाणाचे चिन्ह असेल तर ते थंडरबोल्ट असते. चिन्ह नसलेल्या यूएसबी४ पोर्टवरही पीसीआय एक्स्प्रेस मिळू शकते, पण त्यासाठी ठाण्यातल्या दुकानात पैसे मोजण्यापूर्वी त्या नेमक्या मॉडेलच्या तपशीलपत्रात तसा स्पष्ट उल्लेख शोधावा.