विषाणू कोटींत, यकृत ठणठणीत?

रक्तदानानंतर कुणाला तरी कळतं, हिपॅटायटिस बी आहे. विषाणूच्या डीएनए चाचणीचा रिपोर्ट येतो: 17 कोटी आययू (विषाणू मोजायचं आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलिलिटर. घरात रडारड. दुसऱ्या कुणाचा आकडा 40 हजार, तो निर्धास्त. यकृत खराब होतंय ते कदाचित या निर्धास्त माणसाचंच.

कारण हा विषाणू यकृताच्या पेशी सहसा स्वतः मारत नाही. त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात बंद कडं बनून बसतो. त्यावरून प्रती निघतात आणि पेशी न फोडताच बाहेर पडतात. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत 1990च्या दशकात असे उंदीर तयार केले गेले, ज्यांच्या यकृतात जन्मापासून हा विषाणू बनत होता. यकृतं निरोगी! विषाणू ओळखणाऱ्या मारक टी पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या शिपाई पेशी, टोचल्या, तेव्हा कुठे त्यांना हिपॅटायटिस, म्हणजे यकृताचा दाह, झाला.

यकृतपेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी रेणूंवर धरून बाहेर दाखवत असते. परका तुकडा दिसला की टी पेशी पर्फोरिन आणि ग्रँझाइम सोडून तिला मारते. पण टी पेशी मोजक्या, यकृतपेशी अब्जावधी. म्हणून टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ हे संदेशवाहक रेणूही सोडते, ज्यांनी आसपासच्या पेशींतला विषाणू पेशी न मरता दडपला जातो. तिच्यामागून न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आणि इतर पेशींची झुंड यकृतात शिरते, आणि बरीचशी नासधूस या झुंडीची. उंदरांतले न्यूट्रोफिल काढून टाकले तेव्हा यकृताचं नुकसान घटलं, विषाणू मात्र तसाच दडपला गेला. मला या प्रयोगाचं फार कौतुक आहे.

मेलेल्या पेशींतून एसजीपीटी नावाचं यकृतातलं एन्झाइम रक्तात उतरतं. हे वर्षानुवर्षं चाललं की यकृतातल्या स्टेलेट पेशी कोलॅजेनचे, म्हणजे व्रणाचे, धागे रचत जातात, शेवटी सिरॉसिस: व्रणांनी कडक झालेलं यकृत.

जन्मताना आईकडून लागण झालेल्यांत ही प्रतिकारयंत्रणा कित्येक वर्षं स्वस्थ असते: आकडा कोटींत, एसजीपीटी नॉर्मल. पुढे ती जागी होते, एसजीपीटी चढतं आणि आकडा उतरू लागतो. तेव्हा पेढे वाटू नयेत.

मग आकडा बिनकामाचा? तैवानमध्ये तिशीपुढच्या 3,653 बाधितांवर सुमारे 11 वर्षं लक्ष ठेवलं गेलं. सुरुवातीला मिलिलिटरमागे विषाणूच्या 300हून कमी प्रती (हे आययूहून वेगळं माप) असलेल्यांत यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण 1.3 टक्के, दहा लाख किंवा जास्त असलेल्यांत 14.9 टक्के निघालं. चाळिशीतही आकडा मोठा, म्हणजे ही झटापट निकालाविना चालू आहे. शिवाय विषाणूच्या डीएनएचे तुकडे पेशीच्या डीएनएत घुसत राहतात.

हात चुन्याच्या पाण्यात धुऊन, ते पिवळं करून ‘कावीळ उतरवणारे’ इथे तर अगदीच निरुपयोगी. या जुनाट आजारात वर्षानुवर्षं कावीळ दिसतच नाही.

डॉक्टर आकडा, एसजीपीटी, वय आणि फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) एकत्र पाहतात. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या विषाणूरोधक गोळ्यांनी आकडा चाचणीत सापडेनासा होतो, पण केंद्रकातलं ते कडं शिल्लक राहतं. मनानेच गोळी बंद केली की विषाणू पुन्हा उसळतो, आणि त्यामागोमाग टी पेशीही.