भिंतीच्या बाहेरचे घर : गृहरचनेच्या सॉफ्टवेअरमधील दर्शनी तपशिलांची पार्श्वभूमी

घराचा आराखडा करण्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये पहिली पंधरा मिनिटे मोठ्या समाधानात जातात. भिंती ओढल्या की खोल्या तयार होतात, दार भिंतीवर ठेवले की भिंत आपोआप कापली जाते, जिना दोन मजल्यांच्या उंचीनुसार पायऱ्या मोजून घेतो. मग कॅमेरा फिरवून घर बाहेरून पाहिले की खिडक्यांची भोके असलेले एक खोके समोर उभे राहते. छज्जे नाहीत, जोते नाही, वळचणीला जाडी नाही, कठड्याच्या माथ्यावर कंगोरा नाही. हे सगळे नंतर एकेक करून घालावे लागते आणि त्यात आतल्या सर्व खोल्यांपेक्षा जास्त वेळ जातो. या प्रोग्रॅमना घर कोणत्या क्रमाने शिकवले गेले, हे पाहिले की असे का होते ते समजते.

सुरुवात १९६३ मध्ये झाली. अमेरिकेतील एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएच.डी.साठी स्केचपॅड हा प्रोग्रॅम लिहिला. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघा काढता येणे ही त्यातली डोळ्यांत भरणारी गोष्ट होती. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची होती ती मूळ आकृती आणि तिच्या प्रती ही कल्पना. एक आकृती एकदा काढायची, ती चित्रात हव्या तितक्या ठिकाणी ठेवायची आणि मूळ आकृतीत बदल केला की सगळ्या प्रती बदलायच्या, अशी सोय त्यात होती. आज आपण एका खिडकीची चौकट बदलतो आणि दर्शनी भागावरच्या बाराही खिडक्या बदलतात, तेव्हा त्यामागे हीच कल्पना असते.

पुढचे पाऊल कार्नेगी मेलन विद्यापीठातील चार्ल्स ईस्टमन यांचे. इमारतीचे नकाशे ही मुळात पुनरुक्ती आहे, असा त्यांचा आक्षेप होता. एकच भिंत प्लॅनमध्ये (वरून), सेक्शनमध्ये (उभ्या छेदात) आणि एलेव्हेशनमध्ये (बाहेरून समोर दिसते तशी) पुन्हा पुन्हा काढावी लागते आणि एका ठिकाणी दुरुस्ती झाली तरी दुसऱ्या ठिकाणी ती राहून जाते. १९७५ साली त्यांनी बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिमची मांडणी प्रसिद्ध केली. इमारत म्हणजे भागांची जोडणी, प्रत्येक भागाला नाव, आकार आणि जागा, आणि सर्व नकाशे या एकाच वर्णनातून काढून घ्यायचे, असा त्या मांडणीचा गाभा होता. बुडापेस्टमध्ये १९८२ साली स्थापन झालेल्या ग्राफिसॉफ्टचे आर्चिकॅड आणि २००० साली बाजारात आलेले रेव्हिट या प्रोग्रॅमनी हा विचार व्यवहारात आणला.

परंतु भागांना नावे द्यायची म्हटली की नावांची यादी लागते, आणि या यादीत भिंत, स्लॅब, खांब, दार, खिडकी, जिना आणि छप्पर ही मंडळी आधी बसली. ती का बसली हे उघड आहे. या भागांचे परस्परांशी असलेले नाते नियमात सांगता येते. खिडकी भिंतीत असते, भिंत मजल्यावर असते, जिना दोन मजले जोडतो. खिडकीभोवतीची पट्टी, भिंतीच्या माथ्यावरचा कंगोरा, कौलांखालची फळी किंवा पन्हळ यांना असे नाते नसते. ते कुठूनही सुरू होऊन कुठेही संपू शकतात. म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी त्यांच्यासाठी वेगळी युक्ती वापरली. एक आडवा छेद घ्यायचा आणि तो एका रेषेवरून ओढत न्यायचा. रेव्हिटमध्ये छपराच्या कडेची फळी आणि पन्हळ याच पद्धतीने होतात, स्केचअप या प्रोग्रॅमचे फॉलो मी हे साधन हेच करते, आणि चीफ आर्किटेक्ट या प्रोग्रॅममध्ये कंगोऱ्यासाठी असलेली रेषाही याच जातीची आहे.

ही युक्ती संगणकाची नाही, गवंड्याची आहे. ओल्या गिलाव्यावर कंगोरा काढताना कारागीर पत्र्याचा फर्मा कापतो, लाकडाच्या पट्टीवर बसवतो आणि भिंतीच्या कडेने सरळ ओढत नेतो. फर्म्याचा छेद जसा असेल तसा कंगोरा मागे उमटतो. फरक एवढाच की गवंड्याचा फर्मा भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे तो भिंतीत शिरू शकत नाही. प्रोग्रॅममध्ये मात्र छेदाचा कोणता बिंदू रेषेवर बसवायचा आणि ती रेषा भिंतीच्या मध्यातून जाते की बाहेरच्या अंगाने, हे आपण सांगावे लागते. नऊ इंची भिंतीच्या मध्यरेषेवर छेद बसवला, तर कंगोरा साडेचार इंच भिंतीत गाडला जातो आणि बाहेरून फक्त त्याचे नाक दिसते. माझ्या पहिल्या मॉडेलमध्ये नेमके हेच झाले होते आणि कंगोरा इतका बारीक का दिसतो हे शोधण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून छेद काढताना त्याचा भिंतीला टेकणारा कोपरा मी आधी ठरवतो.

घर बांधणाऱ्या सामान्य माणसाच्या हाती अशी साधने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात आली. अमेरिकेतील ब्रॉडरबंड या कंपनीने थ्रीडी होम आर्किटेक्ट हा प्रोग्रॅम घरगुती संगणकांसाठी विक्रीला आणला. तो तयार केला होता आयडाहोतील अॅडव्हान्स्ड रिलेशनल टेक्नॉलॉजी या कंपनीने, आणि व्यावसायिकांसाठीचे चीफ आर्किटेक्ट हेही तिचेच. या घराण्यातील प्रोग्रॅमबरोबर दर्शनी भागासाठी तयार वस्तूंचा जो संग्रह येतो, तो अमेरिकन उपनगरातील लाकडी सांगाड्याच्या घराचा असतो. आडव्या फळ्यांचे आवरण, खिडकीच्या दोन बाजूंच्या झडपा, डांबरी पापुद्र्यांचे छप्पर, पोर्चचे खांब आणि गॅरेजचे दार त्यात असते. प्रोग्रॅम जिथे जन्मला तिथली घरे त्याला माहीत असणे साहजिक आहे, आणि या संग्रहाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. तरी त्याचा परिणाम आपल्यापर्यंत पोहोचतो, कारण तयार वस्तूंबरोबर गृहीतकेही येतात. त्या घरात पाया बहुतांशी जमिनीत लपलेला असतो, म्हणून प्रोग्रॅम त्याला दर्शनी भाग मानत नाही. आपल्याकडे दोन-तीन फूट उंचीचे जोते, त्याच्या घडीव दगडांचे थर आणि त्यावर चढणाऱ्या पायऱ्या हे घराच्या चेहऱ्याचे पहिले लक्षण आहे. ओट्याला त्या यादीत शब्दच नाही. पडवीला पोर्च म्हणून भागवावे लागते. आणि खिडकीवरचा छज्जा हा खिडकीचा भाग आहे, हे अशा प्रोग्रॅमला सांगण्याची सोपी सोय सहसा नसते, म्हणून लोक लहानसा स्लॅब घालून तो हवेत उचलून धरतात.

छपराचा इतिहास अधिक रोचक आहे. प्लॅनवरून छप्पर आपोआप उभे करण्यामागे भूमितीचा एक सुंदर विचार आहे. घराच्या बाह्यरेषेची प्रत्येक बाजू सारख्या वेगाने आत सरकवत न्यायची. सरकताना कोपरे ज्या रेषा आखतात, त्या रेषा म्हणजेच वरून दिसणारे आढे, कोपऱ्यांतून उतरणाऱ्या धारा आणि दोन पाखी आतल्या बाजूने मिळतात तिथली पन्हळ. १९९५ साली आइखहोल्त्सर, आउरेनहामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रचनेला स्ट्रेट स्केलेटन हे नाव देऊन तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली. तथापि सारखा वेग म्हणजे सगळ्या पाख्यांचा सारखा उतार. कोकणातल्या कितीतरी घरांत मधले दुपाखी छप्पर चांगले उभे असते आणि पडवीशी येताना त्याचा उतार मोडून कमी होतो, कारण तोच उतार पुढे नेला तर पडवीत माणसाला ताठ उभे राहता येणार नाही. आपोआप बांधलेले छप्पर हे मोडणे करत नाही. आजोळचे घर सॉफ्टवेअरमध्ये उतरवताना मी शेवटी छपराची सगळी पाखी सुटी केली, आढ्याची आणि वळचणीची उंची जागेवर टेपने मोजून आणली आणि प्रत्येक पाखे हाताने बसवले. मुख्य पाखे जिथे संपते आणि पडवीचे सुरू होते, त्या रेषेवर एक आडवी तुळई असते, हे मी त्या घरात लहानपणापासून राहूनही प्रथमच त्या मापनात नीट पाहिले.

छपरावर कौले आली की प्रश्न पृष्ठभागाचा होतो. आकाराच्या पृष्ठभागावर चित्र गुंडाळण्याची पद्धत एड कॅटमल यांनी १९७४ साली यूटा विद्यापीठातील आपल्या प्रबंधात मांडली. जेम्स ब्लिन यांनी १९७८ साली त्यापुढची युक्ती दिली. पृष्ठभाग सपाटच ठेवायचा, पण त्यावर प्रकाश कसा पडतो याचा हिशेब असा बदलायचा की तो खडबडीत दिसावा. विटांची भिंत, दगडी जोते किंवा कौलारू पाखे आपल्या पडद्यावर दिसते ते बहुधा या दोन युक्त्यांच्या मिश्रणाने. समोरून पाहिले तर फसगत उत्तम होते. कडेला मात्र ती उघडी पडते. वळचणीपाशी कौलांची ओळ खालून नागमोडी दिसायला हवी, आणि तिथे आपल्याला सुरीने कापल्यासारखी सरळ, कागदाच्या जाडीची धार दिसते. सावलीही सरळच पडते.

मंगलोरी कौलाचे रूपच मुळी त्या कडेत आहे. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या प्लेब्स्ट यांनी १८६५ मध्ये मंगळुरात या कौलांचा कारखाना सुरू केला आणि तिथून ही कौले पश्चिम किनाऱ्यावर कोकण-गोव्यातल्या घरांवर आली. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांच्या छपराला दीड हजार. आणि प्रत्येक कौलाचे वळण नीट दाखवायला पाचशे छोटी सपाट पृष्ठे खर्ची घातली, तर एका छपराची साडेसात लाख पृष्ठे होतात आणि साधा लॅपटॉप दमतो. उपाय दोन आहेत. एक म्हणजे वळचणीची शेवटची ओळ आणि आढ्यावरची कौले तेवढी खऱ्या आकाराची करायची आणि मधल्या पाख्यावर चित्र ठेवायचे. दुसरा म्हणजे एकच कौल मूळ आकृती म्हणून ठेवायचे आणि बाकीच्या सर्व त्याच्या प्रती करायच्या, जेणेकरून आकाराचे वर्णन फाइलमध्ये एकदाच साठवले जाते. इथे आपण पुन्हा १९६३ च्या सदरलँड यांच्यापाशी येतो. पडद्यावर काढायचे काम उरतेच, पण फाइल आटोक्यात राहते आणि कौलाची खाच दुरुस्त करायची झाली तर ती एकदाच करावी लागते.

घराचे बाह्यरूप हेच मुख्य काम झाले असा एक काळही या इतिहासात येऊन गेला. १९९६ साली बर्कली येथील पॉल डेबेव्हेक, कॅमिलो टेलर आणि जितेंद्र मलिक यांनी छायाचित्रांवरून इमारतींचे त्रिमितीय आकार उभे करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. २००० साली कोलोरॅडोतील बोल्डर येथील अॅट लास्ट सॉफ्टवेअरने स्केचअप आणले. पृष्ठ धरायचे आणि बाहेर ओढायचे किंवा आत ढकलायचे, एवढ्यावर त्याची भिस्त होती, आणि त्याला भिंत, खिडकी, छज्जा यांतले कोणतेच नाव मुळात ठाऊक नव्हते. मला वाटते, आपल्याकडे ते रुजले त्याचे मोठे कारण हेच आहे. ज्या प्रोग्रॅमला कोणतेच घर माहीत नाही, त्यात आपले घर परके ठरत नाही. २००६ मध्ये गूगलने ते विकत घेतले आणि त्याची विनामूल्य आवृत्ती दिली. गूगल अर्थ या पृथ्वीच्या त्रिमितीय नकाशावर इमारती उभ्या करण्यासाठी जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावांतल्या वास्तूंची मॉडेले त्यात केली. ती आतून पोकळ असत; आतली पृष्ठे काढून टाकायची, आकार हलका ठेवायचा आणि दर्शनी भागावर छायाचित्र चढवायचे, अशी रीत होती. २०१२ मध्ये ट्रिंबल या कंपनीने स्केचअप घेतले आणि त्याच सुमारास गूगल अर्थने विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून इमारती आपोआप बनवायला सुरुवात केली. यंत्राने बनवलेल्या त्या इमारती दुरून चांगल्या दिसतात. जवळ गेले की कठडे वितळल्यासारखे दिसतात आणि छज्ज्याखालची पोकळी भरून गेलेली असते, कारण वरून घेतलेल्या छायाचित्राला छज्ज्याच्या खालचे दिसतच नाही.

महाराष्ट्रात या तपशिलांना आणखी एक बाजू आहे, ती मोजमापाची आणि परवानगीची. मोकळ्या सोडलेल्या जागेत छज्जा किती पुढे यावा याला मर्यादा असते. राष्ट्रीय इमारत संहितेत ती ०.७५ मीटर आहे. पुण्याच्या सॉफ्टटेक इंजिनिअर्सची ऑटोडीसीआर ही प्रणाली राज्यातल्या अनेक महापालिकांनी वापरली. कॅडमधल्या, म्हणजे संगणकावर आखलेल्या नकाशातील बंदिस्त रेषा त्यांच्या थराच्या (लेयरच्या) नावावरून ओळखून ती नियमांशी ताडून पाहते. तिथे छज्जा ही ठरलेल्या थरातली एक सपाट आकृती असते. दर्शनी रूप मात्र वेगळ्या फाइलमध्ये, बहुधा वेगळ्या माणसाकडून तयार होते. बोलीत एलेव्हेशन या शब्दाचा अर्थच आता घराच्या पुढच्या बाजूची सजावट असा झाला आहे, आणि तालुक्याच्या गावीही ते करून देणारे लोक आहेत. या दोन फाइलींमध्ये काही धागा नसतो. परवानगीच्या नकाशात छज्जा दोन फूट असतो, रंगीत चित्रात तो डोळ्यांना बरा दिसेल इतका पुढे आलेला असतो, आणि जागेवर मिस्त्रीच्या हाती येते ते फोनवरचे चित्र, ज्यावर एकही माप नसते. एकाच वर्णनातून सगळे नकाशे काढावेत, असे ईस्टमन यांनी १९७५ साली ज्या अडचणीसाठी सुचवले, ती अडचण अशा बांधकामावर आजही तशीच आहे. सेंटरिंगच्या फळ्या ठोकताना मिस्त्री विचारतो, छज्जा किती बाहेर काढायचा, आणि मालक फोनवरचे चित्र दोन बोटांनी मोठे करून पाहतो.