हजेरीपटातलं भविष्य

बारावीचे मार्क, पहिल्या दोन महिन्यांची हजेरी, अंतर्गत परीक्षेचे गुण, राहिलेले विषय. नाशिकच्या कुठल्याही कॉलेजच्या ऑफिसात ही माहिती पडून असते. तिच्यावरून कोण मध्येच शिक्षण सोडेल, हे सांगता येतं का? बऱ्यापैकी येतं, आणि त्यासाठी अत्याधुनिक यंत्रणाही लागत नाही. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड कॉक्स यांनी १९५८ साली मांडलेली लॉजिस्टिक रिग्रेशनची पद्धत आजही या कामी येते. जुन्या विद्यार्थ्यांच्या नोंदींवरून कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते ठरतं आणि नव्या विद्यार्थ्याच्या गळतीची शक्यता शून्य ते एक या पट्टीवर मिळते.

घोळ पुढे होतो. समजा, हजारांपैकी शंभर जण कॉलेज सोडणार आहेत. पद्धतीने त्यातले ८० ओळखले. टिकणाऱ्या ९०० जणांपैकीही ८० टक्के बरोबर ओळखले. झकास! पण उरलेले वीस टक्के, म्हणजे १८० जण, नाहक ‘सोडून जाणार’ म्हणून लाल खुणेच्या यादीत आले. यादी झाली २६० जणांची, त्यात खरोखर जाणारे फक्त ८०. लाल खूण झालेल्या दर तिघांतले दोघे तसेही टिकलेच असते. दोष पद्धतीचा कमी. मुळात टिकणारेच संख्येने जास्त. अशा यादीवरून घरी फोन करून चौकशी करायला काहीच हरकत नाही. शिष्यवृत्ती थांबवणं मात्र सरळ अन्याय.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००७ पासून ‘कोर्स सिग्नल्स’ चालवलं. त्यात विषयात मागे पडण्याचा धोका किती, हे दाखवणारा लाल, पिवळा किंवा हिरवा दिवा विद्यार्थ्याला दिसायचा. दोन किंवा जास्त विषय या दिव्यांसह शिकलेले विद्यार्थी अधिक टिकतात, असा दावा झाला. २०१३ मध्ये टीकाकारांनी विचारलं, जो पहिल्याच वर्षी गेला, त्याला दुसरा विषय घ्यायला सवड कुठे मिळाली? कँटीनमध्ये दर सत्राला एक मिसळ खाणाऱ्यांची नोंद ठेवली, तर सहा प्लेटवाल्यांत पदवीधर भरपूर निघतील. म्हणून त्याचं श्रेय रश्श्याला द्यायचं?

आपल्याकडची खरी अडचण मला हजेरीच्या रकान्यात दिसते. जानेवारी ते एप्रिल दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांची तोडणी चालते. तेव्हा घरच्या बागेत राबणारा मुलगा, त्र्यंबकच्या पुढच्या पाड्यावरून निघून एसटी चुकलेली मुलगी आणि गंगापूर रोडवर चहा पीत बसलेला त्यांचा मित्र, तिघेही गैरहजर. सूत्र तिघांना सारखाच धोका दाखवतं. उपाय मात्र वेगळे: एकाला तासांच्या वेळा बदलून हव्यात, दुसरीला वसतिगृह, आणि तिसऱ्याला बहुधा नुसतं झापलं तरी पुरेल. ‘का आला नाहीस?’ हे सरांना विचारावंच लागतं.

शिवाय एका कॉलेजात जमलेलं सूत्र दुसरीकडे चालेलच असं नाही. १९८९ साली स्थापन झालेल्या आपल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात नोकरी-शेती सांभाळून शिकणारे कितीतरी जण आहेत, रोज वर्गात बसण्याचा प्रश्नच नाही. हजेरीला भरपूर वजन देणारं सूत्र तिथे जसंच्या तसं लावलं, तर पहिल्याच महिन्यात झाडून सगळ्यांच्या नावापुढे लाल खूण होईल.