परदेशात स्वतः गाडी चालवायची असेल तर: पुण्यातून दोघांचा आयडीपी काढण्याची प्रक्रिया, पात्रता आणि कागदपत्रं

पहिली परदेशवारी टूरच्या बसमधून न करता भाड्याची गाडी घेऊन, आपल्या सवडीने करायची असं ठरवणारी जोडपी पुण्यात आता बरीच भेटतात. जपानमधल्या होक्काइदोचे रस्ते, न्यूझीलंडचं दक्षिण बेट, आल्प्समधले घाट असा नकाशा आधी तयार होतो. मग हॉटेलं ठरतात, व्हिसाची फाइल लागते आणि गाडी चालवायच्या परवान्याची आठवण निघायच्या आठवड्यात होते. तोवर लायसन्समध्ये काही अडचण निघाली, तर ती सोडवायला वेळ उरलेला नसतो. म्हणून हा कागद यादीत वरच घ्या, आणि एकाचा नाही, दोघांचा घ्या. अनोळखी रस्त्यावर, झोपेचं वेळापत्रक बिघडलेलं असताना, एकट्यानेच दहा दिवस स्टिअरिंग धरणं थकवणारं असतं आणि धोक्याचंही.

आयडीपी म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट. राखाडी मुखपृष्ठाची ही छोटी पुस्तिका असते. तुमच्या भारतीय लायसन्सवरची माहिती ती वेगवेगळ्या भाषांत देते. शेवटच्या पानावर फोटो असतो, आणि तुम्हाला कोणत्या प्रकारचं वाहन चालवता येतं तेही तिथेच शिक्क्याने दाखवलेलं असतं. रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात भारत सहभागी असल्याने आपली आरटीओ हा परवाना देते. पूर्वी राज्याराज्यांत त्याचा नमुना वेगळा असायचा. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने देशभरासाठी एकच नमुना ठरवला, आणि त्यावरच्या क्यूआर कोडने तो मूळ लायसन्सशी जोडला.

ही पुस्तिका एकटी कामाची नाही. सोबत लायसन्सचं ओरिजिनल कार्ड हवंच. डिजिलॉकरमधलं लायसन्स आपल्याकडे पोलिसांना दाखवलं तर चालतं, पण तिकडे गाडी भाड्याने देणाऱ्या काउंटरवर कार्डच मागतात. कार्ड हरवलं असेल किंवा त्यावरची अक्षरं पुसली गेली असतील, तर आधी डुप्लिकेट काढा आणि मगच आयडीपीचा अर्ज भरा.

कुठे लागतो, कुठे नाही

जपानमध्ये १९४९ च्या कराराखालचा आयडीपी नसेल तर पर्यटकाला गाडी मिळत नाही. कार्ड कितीही नवं असलं तरी फरक पडत नाही. इटलीत युरोपबाहेरच्या लायसन्ससोबत आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं, आणि जर्मनीतही भारतीय लायसन्सबाबत हाच प्रकार आहे. ब्रिटनमध्ये साधी कार चालवायला आपलं लायसन्स बारा महिन्यांपर्यंत चालतं. न्यूझीलंडमध्येही इंग्रजीतलं लायसन्स पुरतं. चीनच्या मुख्य भूमीवर मात्र आयडीपीला मान्यताच नाही, त्यामुळे तिथे स्वतः गाडी चालवायचा बेत या कागदावर आखू नका.

कायद्याने लागत नाही तिथेही भाड्याची गाडी देणारी कंपनी आपल्या अटींमध्ये आयडीपी मागू शकते. हजार रुपयांच्या कागदासाठी विमानतळावर वाद घालण्यापेक्षा तो जवळ असलेला बरा.

पहिल्याच खेपेला गाडी चालवणार असाल तर माझं मत स्पष्ट आहे: डाव्या बाजूने वाहतूक असलेला देश निवडा. जपान, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, आयर्लंड, मलेशिया, मॉरिशस असे कितीतरी पर्याय आहेत. उजव्या बाजूने चालवायची सवय लागते, पण पहिल्या दिवशी चौकात वळताना हात आणि डोळे जुन्या सवयीनेच जातात.

पात्रता: स्कूटीच्या लायसन्सवर कार चालत नाही

अर्जदार भारतीय नागरिक हवा आणि त्याच्याकडे चालू मुदतीचं पक्कं लायसन्स हवं. शिकाऊ लायसन्सवर आयडीपी मिळत नाही. अट एवढीच दिसते, पण जोडप्यांची गाडी नेमकी इथेच अडते.

पुण्यात अठरा पूर्ण झाली की आधी दुचाकीचं लायसन्स काढलं जातं. चारचाकी पुढे घरच्यांच्या शेजारी बसून शिकली जाते आणि लायसन्सवर ती चढवायची राहूनच जाते. तेव्हा कार्ड काढा आणि वाहनाचा प्रकार बघा. ‘एलएमव्ही’ लिहिलेलं असेल तरच कार चालवता येईल. नुसतं ‘एमसीडब्ल्यूजी’ म्हणजे गिअरची दुचाकी. आयडीपीत दुचाकीसाठी ‘ए’ आणि कारसाठी ‘बी’ हा वर्ग असतो, आणि शिक्का लायसन्सवर जे आहे त्यावरच बसतो. ‘बी’मध्ये साडेतीन हजार किलोपर्यंतची आणि चालक सोडून आठ आसनांपर्यंतची गाडी येते, म्हणजे दोघांच्या सहलीला पुरून उरते.

एलएमव्ही नसेल तर नवीन वाहन प्रकार जोडण्याचा अर्ज करावा लागतो. त्यात आधी शिकाऊ लायसन्स, मग किमान ३० दिवस थांबणं, मग चाचणी. चाचणीचा स्लॉट आणि कार्ड टपालाने यायचा वेळ धरला तर हातात तीन महिने असावेत.

उलट बाजूही लक्षात घ्या. थायलंडला जाऊन स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार असेल आणि तुमच्याकडे फक्त कारचं लायसन्स असेल, तर तिथे तुम्ही विनापरवाना चालक ठरता. दुकानदार किल्ली देईलही, पण अपघात झाला तर प्रवास विमा हात वर करू शकतो.

लायसन्सची मुदतही बघून घ्या. आयडीपी एक वर्षासाठी मिळतो, पण मूळ लायसन्सची मुदत त्याआधी संपत असेल तर तो त्याच दिवशी संपतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून लायसन्सचं नूतनीकरण करता येतं, तेव्हा ते आधी उरका. लायसन्स फार जुनं, पुस्तकाच्या स्वरूपातलं असेल आणि परिवहन विभागाच्या सारथी या ऑनलाइन पोर्टलवर सापडत नसेल, तर आरटीओत त्याची बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी माहिती संगणकावर चढवून, घ्यावी लागते.

नावाचा घोळ आधी सोडवा

नवीन लग्न झालेल्यांनी हा भाग सावकाश वाचावा. बायकोच्या लायसन्सवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं आणि बँकेच्या कार्डावर तिसरंच काही, हे आपल्याकडे घरोघरी दिसतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असतं आणि स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. लायसन्सवर सगळं एका ओळीत असतं. क्रेडिट कार्डावर मधलं नाव बहुतेक वेळा नसतंच. परदेशातला काउंटरवरचा माणूस हे तिन्ही कागद शेजारी ठेवून बघतो, आणि मराठी नावांची रचना त्याला ठाऊक नसते. मधलं नाव गाळलेलं एकवेळ खपतं, पण आडनाव बदललेलं असेल तर ही एकच व्यक्ती आहे हे त्याला पटवणं अवघड जातं.

लग्नानंतर नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही. चार-सहा महिन्यांत निघायचं असेल तर सगळीकडे माहेरचंच नाव राहू द्या, हा सर्वांत सोपा मार्ग. बदलायचंच असेल तर सगळीकडे बदला. त्यासाठी आधी विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतं. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली ते महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून मिळतं. त्यानंतर आधार, मग पासपोर्ट, आणि सारथीवरून लायसन्सवरच्या नावात बदल. तिकीट काढल्यावर किंवा व्हिसा लागल्यावर मध्येच पासपोर्टवरचं नाव बदलायला जाऊ नका.

नवरेमंडळींनीही आपला कागद तपासावा. लायसन्सवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर आणि पासपोर्टवर पूर्ण नाव, किंवा आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं ‘ए’ जास्तीचं, असं कितीतरी जणांचं असतं.

पासपोर्टच नसेल तर सुरुवात तिथून. पुण्याचं प्रादेशिक कार्यालय बाणेरला आहे आणि सेवा केंद्र मुंढव्याला. प्रौढांच्या ३६ पानी साध्या पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळला आणखी २,०००. परतीच्या तारखेनंतरही सहा महिने मुदत उरेल असा पासपोर्ट हातात ठेवा.

अर्ज कसा करायचा

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर होतो. राज्य महाराष्ट्र निवडा, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाका. तुमची माहिती समोर येते. ती शांतपणे वाचा, कारण आयडीपीवर हीच छापली जाणार आहे. मग आंतरराष्ट्रीय परवान्याची सेवा निवडून पासपोर्टचा तपशील आणि कोणत्या देशांत जाणार ते भरा. वाटेत एखादा दुसरा देश लागणार असेल तर तोही लिहा. या अर्जाचा नमुना क्रमांक ४-ए आहे. कागद अपलोड करून शुल्क भरलं की अर्ज क्रमांक आणि पावती मिळते. नवरा-बायकोचा अर्ज एकत्र होत नाही: दोन अर्ज, दोन शुल्कं, दोन पुस्तिका. शुल्क नियमानुसार प्रत्येकी १,००० रुपये आहे.

पुणे शहरात राहणाऱ्यांसाठी आरटीओ म्हणजे संगम पुलाजवळचं एमएच-१२ चं कार्यालय. पिंपरी-चिंचवडकरांचं एमएच-१४ चं कार्यालय मोशीला आहे, आणि बारामतीकडच्यांसाठी एमएच-४२. कोल्हापूर, सोलापूर, नागपूरहून नोकरीसाठी आलेल्या अनेकांचं लायसन्स गावच्या पत्त्यावर असतं. त्यांनी लायसन्सवरचा पत्ता आधी पुण्याचा करून घ्यावा. पुढच्या सगळ्या कामांना तो उपयोगी पडतो.

कागदपत्रांत लायसन्स, पासपोर्टची पहिली आणि शेवटची पानं, राहत्या पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो आणि शुल्काची पावती एवढं तयार ठेवा. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आधीच लागलेला व्हिसा या दोन्ही अटी जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने काढल्या आहेत. तिथे पोहोचल्यावर व्हिसा देणारे देश बरेच असल्याने हा बदल गरजेचाच होता. तरी व्हिसा आणि तिकीट हातात असेल तर त्याची झेरॉक्स फाइलमध्ये असू द्या. आरटीओत जाताना सगळे ओरिजिनल सोबत न्या.

एजंट लावायची मला तरी गरज वाटत नाही. फॉर्म अर्ध्या तासाचा आहे, आणि नावातली चूक तुमच्याच डोळ्यांना आधी दिसेल. इंटरनेटवर डॉलरमध्ये पैसे घेऊन तीन वर्षांचं ‘इंटरनॅशनल लायसन्स’ घरपोच देणाऱ्या जाहिरातींपासून तर लांबच राहा. १९४९ च्या करारातला परवाना एका वर्षाचाच असतो. जास्त मुदतीचं कार्ड कुणी विकत असेल तर तो सरकारी कागद नव्हे, आणि तो दाखवून गाडी चालवणं म्हणजे परवान्याशिवाय चालवणंच.

अर्ज निघायच्या दोन महिने आधी करावा. फार लवकर काढला तर वर्षाची मुदत घरीच संपत जाते.

काउंटरवर काय मागतात

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवली जाते. डेबिट कार्ड अनेक ठिकाणी नाकारतात. गाडी नवऱ्याच्या नावाने बुक केलेली आणि कार्ड बायकोचं, असं करू नका. दोघंही चालवणार असाल तर दुसऱ्या चालकाचं नाव करारात लिहून घ्या, त्याचे वेगळे पैसे पडले तरी. नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून गाडी ठोकली गेली तर नुकसानभरपाईचं संरक्षण जातं. पंचविशीच्या आतल्या चालकाला बहुतेक कंपन्या जास्तीचा आकार लावतात.

शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावाच लागतो, पण त्यात गाडीचं नुकसान येत नाही. ते गाडीच्या करारातल्या विम्यात बघायचं, आणि आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात तो आकडा सही करण्याआधी विचारायचा. गाडी एका देशात घेऊन दुसऱ्या देशात नेणार असाल तर बुकिंग करतानाच तसं सांगा. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक टोल परवाना लागतो. झुरिकमध्ये घेतलेल्या गाडीवर तो आधीच असतो, पण मिलानहून गाडी घेऊन सीमा ओलांडणार असाल तर तो स्वतः घ्यावा लागतो. २०२३ पासून तो गाडीच्या नंबरवर ऑनलाइनही मिळतो, त्यामुळे गाडीचा नंबर हातात पडला की सीमेवर पोहोचायच्या आत फोनवरूनच घेता येतो.