बेंचमार्कच्या नियमांमागची गोष्ट

१९८४ साली राइनहोल्ड वायकर यांनी ‘ड्राइस्टोन’ नावाचा एक छोटा बेंचमार्क, म्हणजे संगणकांचा वेग मोजून तुलना करण्यासाठीचा प्रोग्रॅम, लिहिला. तो फक्त वेग मोजण्यासाठी होता, त्यामुळे त्यातल्या काही हिशेबांचं उत्तर पुढे कुठेच लागत नसे. प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे कंपायलर हुशार झाले तसं त्यांना हे कळू लागलं आणि तेवढं काम ते गाळू लागले. आकडा वाढला, यंत्र मात्र होतं तेच राहिलं. ही पळवाट बुजवण्यासाठी १९८८मध्ये ड्राइस्टोनची दुसरी आवृत्ती काढावी लागली.

त्याच वर्षी अपोलो, एचपी, मिप्स आणि सन या स्पर्धक कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्पेक’ ही बेंचमार्क ठरवणारी संस्था स्थापन केली. १९८९च्या तिच्या पहिल्या संचात १० प्रोग्रॅम होते आणि ते शक्यतो प्रत्यक्ष वापरातले निवडले होते. पण १० निकालांचा एक आकडा कसा काढायचा? समजा, ‘अ’ यंत्राला पहिल्या प्रोग्रॅमला १ सेकंद आणि दुसऱ्याला १० सेकंद लागतात. ‘ब’चं नेमकं उलट. ‘अ’ला प्रमाण धरलं तर ‘ब’च्या वेळांची गुणोत्तरं १० आणि ०.१, म्हणजे सरासरी ५.०५. ‘ब’ला प्रमाण धरलं, तर ‘अ’चीही तीच ५.०५. दोन्ही यंत्रं एकमेकांपेक्षा पाचपट मंद! फ्लेमिंग आणि वॉलेस यांनी १९८६च्या लेखात ही चूक दाखवून भूमितीय मध्य (दोन आकडे असतील तर त्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ) सुचवला होता. त्याने दोन्हीकडून १ येतो. स्पेकने तोच स्वीकारला. त्यावरही आक्षेप आहेत, कारण तो एकूण लागलेला वेळ सांगत नाही, आणि मला ते रास्त वाटतात.

याच संचातल्या ‘मॅट्रिक्स३००’चा जवळजवळ सगळा वेळ एकाच ओळीत जायचा. कंपायलरांनी ती ओळ गाठली आणि आकडे झेपावले. १९९२च्या संचातून तो प्रोग्रॅम वगळला गेला. पुढे ‘बेस’ आणि ‘पीक’ असे दोन निकाल वेगळे झाले. बेसमध्ये एका भाषेतल्या सर्व प्रोग्रॅमना कंपायलरची एकच मांडणी (सेटिंग) लावायची, पीकमध्ये प्रत्येकाला वेगळी चालते. मला हा फार मोलाचा नियम वाटतो, कारण सामान्य वापरणारा प्रत्येक प्रोग्रॅमसाठी कंपायलर जुळवत बसत नाही.

डेटाबेसच्या क्षेत्रात १९८८मध्येच सुरू झालेल्या ‘टीपीसी’ या बेंचमार्क संस्थेने वेगासोबत यंत्रणेची किंमतही जाहीर करायला लावली आणि निकाल स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून तपासून घेण्याची पद्धत रुजवली.

२०२४च्या फेब्रुवारीत स्पेकने ‘सीपीयू २०१७’ संचाचे २,६०० हून अधिक निकाल अमान्य ठरवले. इंटेलच्या कंपायलरमधली एक सुधारणा संचातल्या एकाच प्रोग्रॅमची रचना आधीच ठाऊक असल्यासारखी बेतलेली होती. इतरत्र तिचा उपयोग जवळपास नव्हता. प्रत्येक निकालासोबत कंपायलर आणि त्याची आवृत्ती नोंदवण्याची सक्ती होती, म्हणूनच नेमके कोणते निकाल बाधित आहेत हे शोधता आलं. ते पुसले नाहीत; प्रत्येकावर कारणासह सूचना लावली.